दोष पिनचा की दारूचा?

चांदमारी संपली की हिशेब सुरू होतो. किती राउंड दिले, किती उडवले, किती पुंगळ्या परत आल्या. मुदखेडचं सीआरपीएफचं प्रशिक्षण केंद्र असो, चाकूरचं बीएसएफचं असो, बाभळगावचं पोलिसांचं असो किंवा हिंगोलीचा राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ असो, रिकाम्या पुंगळ्या मोजून दिल्याशिवाय कोणाची सुटका नाही. मोजणी चोख होते, पाहणी क्वचितच. खरं तर पुंगळी उलटी धरून तिचं बूड उजेडात पाहायला दोन सेकंद पुरतात, आणि रायफलीत काय बिघडत चाललंय याची पहिली खबर बहुतेक वेळा तिथंच मिळते.

चांगल्या पुंगळीच्या बुडावर मधोमध कॅप असते आणि कॅपवर फायरिंग पिनचा गोल, गुळगुळीत खळगा. खळग्याचा तळ अखंड असतो. बिघाड झालेल्या पुंगळीत त्याच तळाला भोक दिसतं, कधी टाचणीच्या टोकाएवढं, कधी त्याहून मोठं, आणि भोकाभोवती काजळीचं वर्तुळ. बोटाने पुसलं तर ते पटकन जात नाही. कॅपला भोक पडलं, ते हेच.

भोक लहान दिसतं म्हणून सोडून देणारे पुष्कळ असतात. राउंड सुटला, गोळी गेली, मग बिघडलं काय? बिघडलं ते आकड्यांत पाहावं. मोटारीच्या टायरमध्ये आपण बत्तीस-पस्तीस पौंड हवा भरतो. ७.६२ मिमीच्या नाटो राउंडला चेंबरमध्ये साधारण साठ हजार पौंडांपर्यंत दाब झेलण्याची परवानगी असते. हा दाब मागच्या बाजूने अडवून धरणारी कॅपची वाटी पितळेची, आणि तिचा पत्रा पाऊण मिलिमीटरही जाड नसतो. पिनचं टोक मागून टेकू देऊन असतं म्हणून ती तग धरते. तिला भोक पडलं की तापलेला गॅस पिनच्या बिळातून सरळ मागे येतो, म्हणजे नेम धरणाऱ्याच्या चेहऱ्याकडे.

जर्मन बंदूककार पॉल माउझर यांना या धोक्याची पुरती जाण होती. त्यांच्या १८९८ च्या प्रसिद्ध रायफलीच्या बोल्टला मुद्दाम भोकं ठेवलेली आहेत. कॅप फुटलीच तर गॅस बाजूने निघून जावा आणि डोळ्यात येऊ नये, यासाठी. पुढे स्वतः राउंड भरणाऱ्या एका रायफलीची चाचणी घेताना याच माउझर यांचा एक डोळा गेला. चांदमारीला चष्मा लावायला लाजणाऱ्यांना ही गोष्ट सांगायला हरकत नाही. साधा काचेचा चष्मा नव्हे, पॉलिकार्बोनेटचा.

महाराष्ट्रात पोलिसांच्या हाती अजूनही दिसणारी सेमी-ऑटोमॅटिक रायफल म्हणजे ७.६२ एसएलआर. मूळ आराखडा बेल्जियमच्या एफएएलचा, बनावट पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्याची. घोडा एकदा ओढला की एक राउंड सुटतो, गॅसच्या जोरावर ब्रीच ब्लॉक मागे जातो, पुंगळी बाहेर फेकली जाते आणि पुढचा राउंड आपोआप चेंबरमध्ये बसतो. हा ‘आपोआप’च इथे घात करतो. बोल्ट हाताने ओढायच्या रायफलीत माणूस प्रत्येक गोळीनंतर थांबतोच. एसएलआरमध्ये कॅप फुटल्याचं लक्षात येईपर्यंत पुढचा राउंड आत गेलेला असतो. आणि फुटलेल्या कॅपचा एखादा चकतीएवढा तुकडा पिनच्या बिळात अडकला, तर पिन पुढे आलेलीच राहते. अशा पुढे आलेल्या टोकावर नवा राउंड आदळला तर ब्रीच ब्लॉक पुरता लॉक होण्याआधीच तो सुटू शकतो. घोड्याला बोट लागलेलं नसतानाही.

हा भयगंड नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या एम-१६ रायफलीत ब्लॉक पुढे जाताना नुसत्या झटक्याने राउंड सुटल्याचं आढळलं, तेव्हा तिच्या मोकळ्या पिनचं वजन कमी करावं लागलं. तिथे तर कॅपचा तुकडाही अडकलेला नव्हता. एसएलआरच्या पिनला मागे ढकलणारी स्प्रिंग असते, पण बिळात कचरा साचला तर तिचंही काही चालत नाही.

म्हणून पहिली सूचना सवयीच्या विरुद्ध जाणारी आहे. रायफल अडली की ‘फौरी इलाज’ करायचा, कॉकिंग हँडल ओढायचं, पुन्हा नेम धरून फायर करायचं, हे जवानाच्या हाडीमाशी भिनवलेलं असतं. चकमकीत ते बरोबरच. चांदमारीत मात्र चेहऱ्यावर गरम हवेचा फटका बसला, आवाज वेगळा आला किंवा ब्रीचमधून धूर निघाला, तर फौरी इलाज करू नये. घोड्यावरून बोट काढावं, नळी टार्गेटच्या दिशेनेच ठेवावी, सेफ्टी लावावी आणि हात वर करून उस्तादांना बोलवावं. मग मॅगझिन काढायचं, चेंबर रिकामं करायचं आणि ब्रीच मागे धरून नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहायचं. आवाज दबका आला असेल तर ही शेवटची पायरी चुकवू नये. गोळी नळीत अडकलेली असताना दुसरी मागून सोडणं म्हणजे नळी फोडून घेणं.

आता पुंगळ्या गोळा कराव्यात, त्या रायफलीच्या वेगळ्या आणि शेजारच्या रायफलीच्या वेगळ्या. सगळ्या एकाच पोत्यात गेल्या की तपास तिथेच संपतो.

पाहताना तीन-चार वेगवेगळे बिघाड एकाच नावाने ओरडले जातात, ते आधी सुटे करावेत. कॅप पूर्ण निखळून पडली असेल आणि तिची जागा रिकामी असेल, तर ते भोक पडणं नव्हे. तिथे दाब फारच वाढला होता किंवा पुंगळीची कॅप बसायची जागाच सैल होती. कॅपच्या कडेने काजळी बाहेर आली असेल, तर गॅस काठातून गळलाय, पिनचा त्यात संबंध नाही. खळग्याभोवती उंच कडा उठली असेल, पण तळ शाबूत असेल, तर कॅपचं पितळ पिनच्या बिळात मागे ढकललं गेलंय. ही इशाऱ्याची पायरी आहे, भोक अजून पडायचंय. आणि .२२ च्या रायफलीवर सराव करणाऱ्या एनसीसीच्या मुलांनी हा सगळा प्रकार शोधत बसू नये. त्या काडतुसात वेगळी कॅप नसतेच, पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो.

भोक नक्की असेल तर ते कसं आहे हे भिंगातून पाहावं. खळग्याच्या तळाशी वेडंवाकडं फाटलेलं, कडा आत वळलेल्या, असं असेल तर पिनच्या टोकावर संशय घ्यावा. उलट पंच मारून चकती काढावी तसं साफ गोल भोक असेल आणि मधला तुकडा गायब असेल, तर दाबाने कॅपचा मधला भाग उडवून मागे फेकलाय. अशा वेळी पिनचं बीळ झिजून मोठं झालेलं असतं, किंवा हॅमरची स्प्रिंग थकल्याने पिनला मागून पुरेसा टेकू मिळत नाही, किंवा राउंडचा दाबच जास्त असतो. तो गायब तुकडा शोधल्याशिवाय रायफल पुन्हा हातात घेऊ नये. बहुतेक वेळा तो ब्रीच ब्लॉकच्या आत असतो.

सगळ्या तपासाचा कणा एका प्रश्नात आहे. भोकं एकाच रायफलीत पडताहेत की एकाच लॉटमध्ये? आरमोररने संशयित रायफलीत दुसऱ्या लॉटचे राउंड आणि संशयित लॉटचे राउंड धडधाकट रायफलीत घालून पाहिले की उत्तर बरंचसं मिळतं. बिघाड रायफलीबरोबर फिरला तर दोष रायफलीचा, खोक्याबरोबर फिरला तर दारूगोळ्याचा. इतकं साधं असूनही हे टाळलं जातं, कारण पिन बदलणं सोपं वाटतं. नवी पिन घातली जाते, दोन दिवस बरं चालतं, मग तिचंही टोक खाल्लं जातं आणि कोतात, म्हणजे शस्त्रागारात, ‘ही रायफल पिना खाते’ अशी तिची ख्याती होते.

पिना खाण्यामागे कारण आहे. भोकातून निघणारा गॅस पिनच्या टोकाचं पोलाद जाळत जातो. टोकावर बारीक खड्डे पडतात, खड्ड्यांच्या कडा धारदार होतात, आणि ती धार पुढच्या कॅपला भोक पाडते. म्हणजे सुरुवात खराब लॉटने केली असली, तरी पुढची भोकं पिन पाडत राहते. खोकं बदललं तरी तक्रार चालूच. अशा वेळी दोन्ही बाजू बरोबर असतात आणि भांडण मिटत नाही.

पिन तपासायची ती रायफल उघडून, ब्रीच ब्लॉक बाहेर काढून. मागून पिन दाबली की टोक समोर यावं आणि सोडली की ताबडतोब आत जावं. रेंगाळली तर बिळात काजळी, घट्ट झालेलं तेल किंवा पितळेचा कण आहे. टोक अर्धगोल आणि गुळगुळीत असायला हवं. नखाला खरखर लागली तर पिन बाद. पिन किती बाहेर येते हेही मोजावं लागतं, आणि तिथे डोळ्याचा अंदाज उपयोगाचा नाही. एआर-१५ जातीच्या रायफलीत हे माप ०.०२८ ते ०.०३६ इंच धरतात, म्हणजे चुकीला वाव उणापुरा वीस शतांश मिलिमीटर. प्रत्येक रायफलीचं माप तिच्या तिच्या पुस्तकात असतं, तेच प्रमाण मानायचं. पिन जास्त आली तर कॅप फाटते, कमी आली तर राउंड सुटतच नाही.

याच टप्प्यावर हुशारीचा मोह होतो. नांदेडच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर हवी ती पिन वळवून देणारे कारागीर आहेत. विष्णुपुरीच्या एसजीजीएस अभियांत्रिकी संस्थेतल्या कोणत्याही मुलाला विचारलं तर तो सांगेल की मायक्रोमीटरने शतांश मिलिमीटर मोजणं हा पहिल्या वर्षाचा धडा आहे. मोजणं जमेल, पण पिनचं पोलाद कुठलं आणि त्याला पाणी किती दिलंय हे मायक्रोमीटर सांगत नाही. मऊ पिन चेपते, जास्त कडक पिन टवका उडून तुटते. शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय शस्त्राची दुरुस्ती हाच गुन्हा आहे. जुन्या पिनचं टोक कानशीने गोल करून घेणं हीसुद्धा त्यातच मोडणारी गोष्ट. वर पिन तेवढी आखूड होते ते वेगळंच.

पिन चांगली, स्प्रिंगा चांगल्या, लॉटही चांगला, तरी भोकं पडताहेत? मग हेडस्पेस. ब्रीच ब्लॉक लॉक झाल्यावर राउंडच्या बुडामागे किती जागा उरते, हे ते माप. जागा वाढली की राउंड सुटताना कॅप आधी मागे सरकते, मग पुंगळी तिच्यावर येऊन आदळते, आणि या आपटाआपटीत पितळ पिनभोवती वाहतं. एसएलआरमध्ये ब्रीच ब्लॉक मागच्या बाजूने खाली झुकून लॉकिंग शोल्डर नावाच्या आडव्या पोलादी तुकड्याला टेकतो. तो वर्षानुवर्षांच्या माराने झिजला की जास्त मापाचा तुकडा बसवून हेडस्पेस जागेवर आणता येतं. गो आणि नो-गो गेज हातात असलेल्या आरमोररचं हे काम आहे. कोत हवालदाराने इथे हात घालू नये.

दारूगोळ्याकडे वळलं की मराठवाड्याचा उन्हाळा मध्ये येतो. राउंडमधली दारू तापली की जास्त वेगाने जळते आणि दाब वाढतो. नाटोच्या पद्धतीत राउंड उणे ५४ ते अधिक ५२ अंश सेल्सियसपर्यंत तपासले जातात. मे महिन्यात नांदेड-लातुरात सावलीतला पारा बेचाळीसच्या वर जातो. बंद जीपमध्ये काचेखाली ठेवलेलं खोकं ५२ अंश सहज ओलांडतं. सकाळी सातला बिनतक्रार चालणारा लॉट दुपारी एकला भोकं पाडू लागला तर आधी खोकं कुठे ठेवलं होतं ते विचारावं. भरभर फायर करून तापलेल्या चेंबरमध्ये राउंड भरून गप्पा मारत बसणं हाही तसाच प्रकार. तो राउंड आतल्या आत भाजत असतो.

दुसरं कारण तेलाचं, आणि त्याचा हंगाम ठरलेला आहे. खंडेनवमीला पोलीस मुख्यालयांत, प्रशिक्षण केंद्रांत आणि परवानाधारकांच्या घरीही शस्त्रपूजन होतं. हजूर साहिबच्या नांदेडात तर दसऱ्याला शस्त्राचं महत्त्व वेगळं सांगायला नको. पूजेसाठी रायफली चकचकीत दिसाव्यात म्हणून तेल सढळ हाताने लावलं जातं, आणि मग हळदकुंकू वाहिलं जातं. पूजा जरूर करावी, पण हळदकुंकू लाकडी बटावर वाहावं. ब्रीचच्या तोंडावर पडलेलं कुंकू तेलात कालवलं की पिनच्या बिळात त्याचा लगदा होतो. चेंबरमध्ये तेल राहिलं तर पुंगळी भिंतींना धरत नाही आणि सगळा जोर मागे ब्रीचवर येतो. नळीत तेल साचलं असेल तर पहिल्या गोळीला दाब वाढतो. म्हणून पूजेनंतरच्या पहिल्या फायरिंगआधी पुलथ्रूला कोरडी चिंदी लावून नळी आणि चेंबर कोरडं करावं, आणि चिंदी कोरडी निघेपर्यंत करत राहावं. राउंडना तर तेल कधीच लावू नये. ते कॅपच्या फटीतून आत झिरपतं आणि ऐन वेळी राउंड मुका होतो.

दारूगोळ्याचा कुळाचार पुंगळीच्या बुडावरच लिहिलेला असतो. भुसावळ तालुक्यातल्या वरणगाव कारखान्याची खूण ओएफव्ही, पुण्याच्या खडकी कारखान्याची केएफ, सोबत वर्ष. खडकीचा कारखाना १८६९ चा. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाचे सात तुकडे झाले तेव्हा हे दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडिया या पुण्यात मुख्यालय असलेल्या कंपनीत गेले. खुणेवरून लॉट कळत नाही, तो खोक्यावर असतो. त्यामुळे खोकं फोडल्याबरोबर फेकून देण्याची पद्धत मोडायला हवी. खालच्या थरातले राउंड संपेपर्यंत खोक्याचं लेबल जपावं.

अमेरिकेतल्या शौकिनांचे सल्ले वाचून गोंधळ वाढतो तो इथेच. तिथे लोक घरी रिकाम्या पुंगळीत नवी कॅप आणि दारू भरतात, त्यामुळे तिकडचा निम्मा उपदेश ‘दारू थोडी कमी भरा’ असा असतो. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे, तेव्हा तो उपदेश वाचून सोडून द्यावा. गंमत म्हणजे घरी भरायला सोयीची बॉक्सर कॅप काढली एका ब्रिटिश अधिकाऱ्याने आणि ती रुळली अमेरिकेत. बर्डन या अमेरिकन माणसाची कॅप युरोपात पसरली. दोन्ही पेटंटं १८६६ सालची.

नागरिकाला सेमी-ऑटोमॅटिक रायफलीचा परवाना सहसा मिळत नाही. निवृत्त फौजी, बँकांचे सुरक्षारक्षक, शेतकरी यांच्याकडे असते ती बारा बोअर किंवा .३१५ ची बोल्ट रायफल. वरचं बहुतेक सगळं .३१५ लाही लागू आहे. फक्त एक गोष्ट जास्तीची. तिची रचना ली-एनफिल्डच्या वळणाची, आणि त्या जातीत पिन मागच्या कॉकिंग पीसमध्ये आट्यांनी बसवलेली असते. ती धरून ठेवणारा छोटा स्क्रू सैल झाला की पिन फिरते आणि तिचं बाहेर येणं कमीजास्त होतं. साफसफाईसाठी बोल्ट उघडून पुन्हा जोडल्यावर अचानक कॅपला भोकं पडू लागली तर आधी हा स्क्रू दाखवून घ्यावा.

परवानाधारकांना आणखी एक प्रसंग सांभाळावा लागतो. निवडणूक लागली की अनेकांची शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा होतात. नांदेडकरांच्या वाट्याला २०२४ मध्ये वसंत ऋतूत लोकसभा आणि २० नोव्हेंबरला विधानसभेबरोबर लोकसभेची पोटनिवडणूकही आली. मधल्या काळात पावसाळा होता. जमा करताना नळी आणि बोल्ट हलकं तेल लावून द्यावं, पावतीवर शस्त्राचा क्रमांक तपासून घ्यावा, आणि परत मिळालेलं शस्त्र थेट वापरू नये. पिनच्या टोकावर गंजाचे खड्डे पडले असतील तर ते गॅसने खाल्लेल्या खड्ड्यांइतकेच वाईट. परवानाधारक शस्त्र दुरुस्ती करणाऱ्याकडे नेताना परवाना सोबत ठेवावा आणि दुरुस्तीची पावती घ्यावी.

तक्रार कोतात द्यायची असो की दुकानदाराकडे, ‘कॅप फुटते’ एवढ्यावर कोणाला काही करता येत नाही. कागदावर रायफलीचा क्रमांक, राउंडची खूण, लॉट आणि वर्ष, किती राउंडनंतर किती भोकं पडली, वेळ सकाळची की दुपारची, खोकं कुठे ठेवलं होतं, पिन शेवटची कधी बदलली, हे सगळं यावं. सोबत भोक पडलेल्या पुंगळ्या आणि त्याच रायफलीच्या पाच-सहा चांगल्या पुंगळ्या वेगळ्या पाकिटात द्याव्यात. फाटलेल्या कॅपवरचं काजळीचं वर्तुळ पुसू नये, आरमोररला ते पाहायचं असतं. उरलेले राउंड त्याच खोक्यात बंद करून वर ‘वापरू नये’ असं लिहून बाजूला ठेवावेत, आणि निकाल येईपर्यंत ती रायफल दुसऱ्या कोणाला देऊ नये.